कोऱ्या कोपऱ्यातलं झाड

नवीन पनवेलहून विचुंब्याकडे किंवा सुकापूरकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या इमारती दिसतात, त्यांतल्या बऱ्याच मी बांधल्या जाण्याआधी पाहिल्या आहेत. तेव्हा त्या माझ्या कमरेलाही लागत नव्हत्या. वीस मजल्यांची इमारत दोन फुटांत आणि सात मजल्यांची वीतभर, असं आमच्या धंद्याचं माप. मी बिल्डरांची मॉडेलं करायचे. फ्लॅट बघायला गेल्यावर सेल्स ऑफिसात काचेच्या पेटीत जी छोटीशी इमारत ठेवलेली असते, जिच्यात दिवे लागतात आणि जिच्या खाली अंगठ्याएवढ्या मोटारी उभ्या असतात, ती. लोकांना वाटतं ती कुठल्या तरी कंपनीतून तयार येते. आमची तरी सुकापूरच्या एका गाळ्यात तयार व्हायची आणि करणारी माणसं दोनच होती, मी आणि इक्बालभाई. गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांनी असहकार पुकारला, म्हणून मी थांबले. आता निवांत बसून आठवायला लागलं की त्या सगळ्या कामांपैकी मनात पुन्हा पुन्हा एकच येतं.

आधी काम कसं चालतं ते सांगते. मॉडेलचे दोन भाग. पहिला म्हणजे इमारत. ती आर्किटेक्टच्या ड्रॉइंगवरून करायची, शंभराला एक या प्रमाणात. गॅलरीचा कठडा खऱ्यात मीटरभर, तर इथे एक सेंटिमीटर. अ‍ॅक्रेलिकच्या पातळ शीटमधून प्रत्येक भिंत, प्रत्येक खिडकी मशीनवर कापायची आणि चिमट्याने धरून चिकटवायची. अर्ध्या मिलिमीटरची चूक तळाला झाली तर सातव्या मजल्यावर इमारत वाकडी दिसते. मी आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली बाई. ड्रॉइंगमध्ये जे नाही ते माझ्या लेखी जगात नव्हतं.

दुसरा भाग म्हणजे इमारतीच्या भोवतालचं. गवत, झाडं, रस्ते, माणसं. गवत म्हणजे हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. झाड म्हणजे जुन्या वायरीतली तांब्याची तार पिळून केलेलं खोड आणि फांद्या, त्यावर गोंद आणि कुटलेला स्पंज. माणूस पावणेदोन सेंटिमीटरचा. या भागाचं ड्रॉइंग बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतं. कधी कधी येतच नाही. फोन येतो, ‘मॅडम, तिकडे काहीतरी हिरवं टाका.’

हे ‘काहीतरी’ मला जमायचं नाही. सुरुवातीच्या एका कामात मी स्वतःच एक नकाशा काढला आणि चौऱ्याऐंशी झाडं एकाच उंचीची, एकमेकांपासून सारख्या अंतरावर लावली. पट्टी लावून मोजून. बिल्डर म्हातारा होता, पेटीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, “मॅडम, ही झाडं आहेत की शाळेची प्रार्थना चाललीय?”

मला राग आला, पण तो खरंच बोलला होता. इमारत बरोबर होती आणि सगळं मिळून मेलेलं दिसत होतं. असं का व्हावं, हे मला कळेना. त्यानंतर मी रस्त्याने जाताना झाडं बघायला लागले. दोन झाडांमधलं अंतर कुठेच सारखं नसतं, हे मला चाळिशीत कळलं.

इक्बालभाई आले ते लेझर मशीन चालवायला. ते पनवेलच्याच कोकणी मुसलमान मोहल्ल्यातले, माझ्याच वयाचे. चौदा वर्षं कुवेतला प्रदर्शनांचे स्टॉल उभे करून परत आले होते. मशीन चालू असताना हात रिकामे राहतात, म्हणून एकदा समोरची तार घेऊन त्यांनी पाच मिनिटांत एक झाड केलं. एका बाजूला झुकलेलं, एक फांदी तुटलेली. मी बघतच राहिले.

“याचं ड्रॉइंग कुठलं?” मी विचारलं.

“ताई, नकाशा बघून झाड उगवतं का?” ते म्हणाले. “तार जिकडे वळते तिकडे जायचं.”

तेव्हापासून वाटणी झाली. इमारत माझी, जमीन त्यांची. भांडणंही झाली. एका मॉडेलच्या चौथ्या मजल्यावर त्यांनी मला न सांगता दोरी बांधून रंगीत कपडे वाळत घातले, प्रत्येक कपडा तांदळाएवढा. फ्लॅट बघायला येणाऱ्या बायका तिथेच वाकून उभ्या राहायच्या. बिल्डरने मात्र दुसऱ्याच आठवड्यात ते काढायला लावले. लक्झरी प्रोजेक्टमध्ये कपडे वाळत घालत नाहीत म्हणे. ते काढायला मी स्वतः गेले आणि परतीच्या रिक्षात कागदाच्या पुडीतले ते कपडे बघत मला पहिल्यांदा वाटलं, की आपण काढायला नको होते.

दुसऱ्या एका कामाच्या वेळी जमिनीचे मूळ मालक, गावातले एक आगरी आजोबा, मॉडेल बघायला गाळ्यात आले. बराच वेळ बघून म्हणाले, “माजी इर कंच्या जागंला हाय यात?” मी जुना नकाशा आणि नवा नकाशा एकमेकांवर धरून शोधलं. त्यांची विहीर बी विंगच्या लिफ्टखाली गेली होती. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, “बरा झाला. तुमी सोदून तरी दिली. त्यांना इचारला तर कोनाला म्हायतीच नाय.” त्या दिवसापासून इक्बालभाईंनी नियम केला, की हिरवळ करण्याआधी प्लॉटवर एक चक्कर मारून यायची. तिथे काय आहे ते बघायचं, मग हात चालवायचा.

विचुंब्याच्या कामाला तो नियम आम्ही पाळला नाही. वेळच नव्हता. बुकिंग सुरू व्हायला सहा दिवस उरले होते. सात मजल्यांच्या दोन इमारती, त्या माझ्या तयार होत्या. आवारातला पूर्वेकडचा एक कोपरा ड्रॉइंगमध्ये कोरा होता. फोन केला तर प्रोजेक्टचे मॅनेजर म्हणाले, “तिथलं ठरायचंय अजून. तुम्ही छान काहीतरी करा.”

इक्बालभाई दुपारी जेवून आले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत त्यांनी तो कोपरा पूर्ण केला. एक मोठं, पसरलेलं झाड. त्याला गोल पार. पारावर दोन माणसं बसलेली आणि तिसरा उभा, थोडा पुढे वाकून त्यांना काहीतरी सांगणारा. तो तिसरा माणूस सरळ उभा असता तर काहीच वाटलं नसतं. तो वाकलेला होता म्हणून ते तिघं बोलताहेत असं दिसायचं. आम्ही केलेल्या सगळ्या कामांत तो कोपरा सर्वांत चांगला होता, असं मी आजही म्हणेन. मी त्याचे फोटो काढून ठेवले. मॉडेल गेलं, पैसे मिळाले, आम्ही पुढच्या कामाला लागलो.

साधारण तीन वर्षांनी एका सकाळी एक बाई आमच्या गाळ्यात आल्या. साठी उलटलेली, पांढरी कॉटनची साडी, हातात प्लॅस्टिकची फाइल. दारातच त्यांनी विचारलं, “आर्टिस्ट कोण?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. आम्हाला असं कोणी कधी विचारलं नव्हतं.

त्यांचं नाव साळवी. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मिस्टरांना अर्धांगाचा झटका आलेला. उजवी बाजू गेलेली, तोंडातून शब्द फार थोडे निघायचे. फ्लॅट बघायला त्या मिस्टरांना व्हीलचेअरवर घेऊन गेल्या होत्या. सेल्स ऑफिसात त्यांच्या मिस्टरांनी डावा हात उचलून मॉडेलच्या त्याच कोपऱ्याकडे बोट केलं आणि तिथून हलायलाच तयार होईनात. म्हणून साळवीबाईंनी निवृत्तीचे सगळे पैसे घालून दुसऱ्या मजल्यावरचा २०३ घेतला. त्याच्या हॉलच्या खिडकीसमोर ते झाड येत होतं.

“पझेशन घेतलं आणि खिडकी उघडली,” त्या म्हणाल्या, “तर समोर ट्रान्सफॉर्मर. भोवती जाळी आणि शेजारी जनरेटरची खोली. मी ऑफिसात गेले. ते म्हणाले, मॉडेल म्हणजे आर्टिस्टची कल्पना असते. मी म्हटलं, मग मला त्या आर्टिस्टचा पत्ता द्या.”

त्या भांडायला आल्या असतील असं मला वाटलं होतं. तक्रार तर त्यांनी रीतसर केलीच होती, फाइल त्याचीच होती. पण आमच्याकडे त्या वेगळ्याच गोष्टीसाठी आल्या होत्या. खुर्चीवर बसून त्यांनी इक्बालभाईंना विचारलं, “मला एवढंच सांगा, ते झाड तुम्हाला सुचलं कसं?”

“असंच,” इक्बालभाई म्हणाले. “हाताला आलं.”

“असंच कसं येईल? कुठून तरी आलं असेल ना?”

इक्बालभाई हातातला चिमटा उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, “कुवेतला आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पच्या बाहेर एकच झाड होतं. जुम्म्याला सुट्टी. सगळे त्याच्या सावलीत बसून घरी फोन लावायचे. कोणाच्या घरून काही खबर आली की तो उभा राहून बाकीच्यांना सांगायचा. वाकून, कारण बसलेल्यांच्या कानाला फोन असायचा.” ते माझ्याकडे वळले. “ताई, खुदा कसम, लावताना हे माझ्या ध्यानात नव्हतं. आत्ता बाईंनी विचारलं तेव्हा दिसलं.”

मीही चकित झाले. बारा वर्षं मी या माणसाचं काम बघत होते आणि ‘सुचतं’ म्हणजे काहीच नसलेल्या ठिकाणाहून येतं असं धरून चालले होते.

साळवीबाई गेल्यावर मी वरच्या फळीवरून विचुंब्याच्या कामाची गुंडाळी काढली. आम्ही जुनी ड्रॉइंगं ठेवून द्यायचो. आर्किटेक्टच्या कागदांच्या आत विजेच्या कामाचा एक कागद होता. तो मॉडेल सुरू करण्याआधीच आला होता, पण मॉडेलमध्ये वायरी दाखवत नाहीत म्हणून मी तो उलगडलाच नव्हता. पूर्वेच्या कोपऱ्यात स्वच्छ चौकोन काढलेला होता आणि आत लिहिलं होतं, ट्रान्सफॉर्मर.

सगळं ड्रॉइंगप्रमाणे करणारी बाई म्हणून माझी ख्याती. आणि नेमकं ते ड्रॉइंग मी वाचलं नव्हतं. इक्बालभाईंच्या हाताला मोकळं सोडलं ते बरोबरच होतं, पण कोणत्या जागेत मोकळं सोडायचं हे बघणं माझं काम होतं.

मी इक्बालभाईंना कागद दाखवला. ते म्हणाले, “बाईंना सांगणार?”

“सांगायला हवं.”

“मग विचुंबेवाले पुन्हा काम देणार नाहीत.”

“नाही देणार.”

“बरं,” ते म्हणाले आणि झेरॉक्स काढायला स्वतः गेले.

साळवीबाईंना मी तो कागद दिला, कोपऱ्याचे फोटो दिले आणि माझी चूकही सांगितली. त्यांनी कागद फाइलीत लावला आणि एवढंच म्हणाल्या, “आमच्याकडे चुकीचं इंजेक्शन दिलं की आधी रजिस्टरमध्ये लिहायचं, मग रडायचं.” दोन दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. “मॅडम, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?” मी म्हटलं, ड्रॉइंगच्या. त्यांनी फोन ठेवला आणि पुढे त्या कंपनीचं एकही काम आमच्याकडे आलं नाही.

पण कागद पुढे आल्यावर ते बोलायला तयार झाले. ट्रान्सफॉर्मर हलणार नव्हता, ते आम्हालाही कळत होतं. दुसरीकडे झाड आणि पार करून देऊ, जागा तुम्ही सुचवा, असं त्यांनी साळवीबाईंना सांगितलं. साळवीबाई पुन्हा आमच्याकडे. “तुम्हीच सांगा, कुठे लावलं तर आमच्या खिडकीतून दिसेल?”

हे काम मी आनंदाने अंगावर घेतलं. कारण हा शुद्ध आखणीचा प्रश्न होता. जमिनीखाली पाण्याची टाकी, तिच्यावर झाड लावता येत नाही. फायर ब्रिगेडच्या गाडीला वाट मोकळी हवी. विजेच्या जाळीपासून लांब राहायला हवं. हे सगळं वजा केल्यावर तीन जागा उरल्या. मी आवाराचं एक साधं मॉडेल केलं, आधीच्यापेक्षा दुप्पट मोठं, पांढऱ्या फोमचं. त्यात २०३ च्या खिडक्या खऱ्या मापाने कापल्या, म्हणजे मागून डोळा लावला की घरातून जे दिसेल तेच दिसावं. तीन जागांवर भोकं पाडली आणि आकडे घातले. इक्बालभाईंनी टाचणीवर एक झाड करून दिलं, कुठल्याही भोकात बसेल असं. मी पेटी बांधायला घेतली तेव्हा त्यांनी खणातून तीन माणसं काढून झाडाखाली ठेवली.

“ही कशाला? यांचं काय काम?” मी विचारलं.

“असू द्या. एकटं झाड बरं दिसत नाही.”

आम्ही दोघं रिक्षाने विचुंब्याला गेलो. साळवीबाईंनी जेवणाच्या टेबलावर मॉडेल ठेवायला लावलं आणि मिस्टरांची खुर्ची जवळ आणली. उंच, हाडापेराने मोठा माणूस, एका बाजूला कललेला. मी त्यांना एक, दोन, तीन अशा जागा समजावून सांगितल्या. झाड एका भोकातून काढून दुसऱ्यात लावून दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग डावा हात पुढे केला आणि झाड उपटून टेबलावर आडवं ठेवलं.

“अहो, काय करताय?” साळवीबाई म्हणाल्या.

त्यांचं लक्ष नव्हतं. नखाने ते एकेक माणूस उचलू लागले. साडेतीन सेंटिमीटरची माणसं, आणि एकच हात, तोही उजवा नव्हे. एक माणूस खाली पडला. इक्बालभाई उचलायला वाकले तर मी त्यांचा हात धरला. बराच वेळ लागला. शेवटी ती तिन्ही माणसं त्यांनी आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, गेटपाशी, वॉचमनच्या केबिनच्या अलीकडे. मग ते मागे टेकले.

साळवीबाई हळूच म्हणाल्या, “म्हणजे तेव्हाही बोट झाडाकडे नव्हतंच की काय?” आणि एकदम हसायला लागल्या. “मीही वेडीच. पंचवीस वर्षं हे एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसलेत. यांना झाडं कधी आवडली होती?”

मी वाकून मॉडेलच्या हॉलच्या खिडकीला डोळा लावला. गेट दिसत नव्हतं. मग बेडरूमच्या खिडकीला लावला. तिथून गेट, केबिन आणि ती तीन माणसं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

“तिकडचा पडदा तर आम्ही उघडतच नाही,” साळवीबाई म्हणाल्या. “धूळ येते रस्त्याची.”

त्या उठल्या आणि आत गेल्या. पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज आला.

त्यांनी तक्रार मात्र लगेच मागे घेतली नाही. “झाड दाखवलं होतं ते दाखवलं होतं,” असं त्यांचं म्हणणं. कंपाउंडच्या कडेने सहा झाडं प्रत्यक्ष जमिनीत गेली आणि गेटजवळ एक बाकडं बसलं, तेव्हाच त्यांनी सही केली. सहापैकी चार जगली आहेत.

आमच्या गाळ्यातही एक बदल झाला. ज्या कोपऱ्याचं काही ठरलेलं नाही, तो आम्ही राखाडी रंगाचा ठेवू लागलो आणि बिल्डरांना तसं स्पष्ट सांगू लागलो. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. बाकीची राहिली. इक्बालभाई आधी कुरकुरले. ‘ताई, टक्कल पडल्यासारखं दिसतं,’ म्हणाले. जिथे ठरलेलं असेल तिथे मात्र मी त्यांच्या कामात बोलणं सोडून दिलं. उलट एखादा कोपरा झाला की मी विचारायचे, हे कुठलं? कधी ते सांगायचे, कधी म्हणायचे, अजून कळलं नाही. मलाही एकदा एक झाड करून बघायला लावलं त्यांनी. ते झाड कसं झालं ते इथे न लिहिलेलं बरं.

या पावसाळ्यानंतर मी साळवीबाईंकडे सहज जाऊन आले. गेटमधून आत शिरताना बाकडं बघितलं. रिकामं होतं. ऐन उन्हात ठेवलेलं, कोण बसणार? मी केलेल्या मापांत ऊन कुठेच नव्हतं. वर गेल्यावर मी ते बोलून दाखवलं. साळवीबाई म्हणाल्या, “बाकड्यावर कोणी बसत नाही हो. चारनंतर या, मग बघा.”

मी थांबले. चारच्या सुमाराला भाजीचा एक टेम्पो आला आणि गेटच्या बाहेर उभा राहिला. दोन्ही इमारतींतून बायका उतरल्या, वॉचमन केबिनमधून बाहेर आला, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या दोन आज्या तिकडे सरकल्या. पाच मिनिटांत तिथे चांगलं कोंडाळं झालं. कोणी भाजी घेत होतं, बरेचजण नुसतेच बोलत होते. बेडरूमच्या खिडकीशी साळवी खुर्चीत बसून होते. खालून एकीने वर बघून हात केला, त्यांनी डावा हात उचलला. पुढे झुकून त्यांनी टेम्पोत बराच वेळ बघितलं. मग मान वळवली आणि बायकोला मोठ्याने, अगदी स्पष्ट सांगितलं, “शेवगा.”

साळवीबाई पिशवी घेऊन खाली गेल्या.